रूप आणि रचना : एक जोडविद्या

गेल्या तूर-हंगामात आमच्या पेढीचे संकेतस्थळ तयार झाले. आखणी मोठी देखणी होती. परंतु मोबाइलवर पान उघडताच दरांचे आकडे एकमेकांवर चढले. आखणी करणारा आज्ञावली लिहिणाऱ्याकडे बोट दाखवी, तो आखणी करणाऱ्याकडे. गिऱ्हाईक मात्र परतले.

अशा वेळी मुंबईच्या जावजी दादाजींचे स्मरण होते. त्यांनी १८६४ साली खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. अक्षर घडविणे व छापणे एकाच छपराखाली आले आणि त्यांच्या ग्रंथांची सुबकता देशभर वाखाणली गेली.

संकेतस्थळाचेही तसेच आहे. एचटीएमएल मजकुराची रचना सांगते, सीएसएस त्यास रंग-रूप देते, जावास्क्रिप्ट पान हलते-बोलते करते. बसवकल्याणच्या ज्या मुलामुलींना हा व्यवसाय करावयाचा असेल, त्यांनी आधी मांडणीची नजर कमवावी, मग या तिन्ही क्रमाने शिकाव्या. दोहोंत गती असावी, एकात प्रावीण्य. कन्नड व मराठी दोन्ही मजकूर पारखणारा कारागीर आपल्याच घरी घडू शकेल.

पालकांनी पहिला धडा म्हणून दुकानाचेच पान त्यांच्या हाती द्यावे. मात्र काम होताच त्यांची मजुरी वहीत जमा मांडण्यास विसरू नये.