गोष्टीतून कळणारी १०८

‘पटकन जेव, नाहीतर पोलीसकाका येतील’, ‘रडलास तर डॉक्टर मोठी सुई टोचतील’... आपल्या घरांत ही वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्या धाकानं घास पोटात जातो खरा, पण खाकी गणवेश, पांढरा कोट आणि सायरन म्हणजे शिक्षा, हेही मुलाच्या मनात पक्कं बसतं. असं मूल उद्या जत्रेत हरवलं, तर पोलीस दिसताच त्याच्याकडे जाण्याऐवजी लपून बसेल. ही भीती काढायला उपदेशापेक्षा गोष्टीचं पुस्तक जास्त उपयोगी पडतं. फक्त ते नीट निवडायला आणि नीट वाचायला हवं.

गोष्टच का?

‘समजा, मला काही झालं तर...’ असं आईनं म्हटलं की चार-पाच वर्षांच्या मुलाला पुढचं ऐकूच येत नाही. आईला काहीतरी होणार, एवढंच त्याला कळतं. गोष्टीत संकट दुसऱ्या कुणावर आलेलं असतं, आणि मूल आजीच्या मांडीवर सुखरूप असतं. नको वाटलं तर पान उलटता येतं, हवं तर मागेही जाता येतं. शिवाय मुलं एकच पुस्तक दहादा वाचायला लावतात, त्याचा इथे फायदाच होतो. पाहिलं, फोन केला, पत्ता सांगितला, मदत आली, हा क्रम आपोआप पाठ होतो. गोंधळाच्या वेळी मोठ्यांनासुद्धा सुचतं ते सवयीचंच.

आधी मोठ्यांनी माहीत करून घ्यावं असं

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. ती मोफत आहे आणि दिवसरात्र चालते. गोव्यातही हाच क्रमांक चालतो. ही गाडी रुग्णाला नुसती दवाखान्यात पोचवत नाही, उपचार गाडीतच सुरू होतात. आत स्ट्रेचर, ऑक्सिजन, रक्तदाब मोजायचं यंत्र, प्रथमोपचाराचं साहित्य असतं. महाराष्ट्रात चालकासोबत डॉक्टर असतात. इतर अनेक राज्यांत हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात, परदेशात पॅरामेडिक. मुंबईच्या गर्दीत वाट काढायला २०१७ पासून मोटरसायकलवरची रुग्णवाहिकाही आली. मुलांना ही गाडी फार आवडते.

आग लागली तर १०१. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. पोलीस, आग, रुग्णवाहिका अशा कोणत्याही मदतीसाठी देशभर एकच क्रमांक म्हणजे ११२.

कोणत्या वयात किती?

तीन-चार वर्षांच्या मुलांना चित्रं आणि आवाज पुरतात. ही रुग्णवाहिका, हा बंब, हे आत बसलेले डॉक्टर. याच वयात स्वतःचं पूर्ण नाव आणि आईबाबांची खरी नावं शिकवावीत. पुष्कळ मुलांना आईचं नाव ‘आई’ एवढंच ठाऊक असतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना एकच क्रमांक पाठ करू द्यावा, सगळे एकदम नकोत. सोबत घराचा पत्ता, तोही खुणेसकट: मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ.

सात-आठ वर्षांची मुलं फोनवरचे प्रश्न समजू शकतात. काय झालंय, कुठे झालंय, किती जणांना लागलंय. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हेही त्यांना कळतं. गंमत म्हणून फोन केला तर खऱ्या रुग्णाची वेळ जाते, हे याच वयात गोष्टीतून सांगावं.

पुस्तक निवडताना

पहिली कसोटी अशी, की मदतीला येणारी माणसं पुस्तकात माणसांसारखी दिसतात का? ती बोलतात, नाव विचारतात, धीर देतात का? स्त्रिया त्यांच्यात आहेत का?

अग्निशमन दलाच्या गोष्टीत मुखवट्याचं चित्र हवंच. धुरातून आलेला, तोंडावर मुखवटा आणि पाठीवर सिलिंडर असलेला जवान पाहून मुलं घाबरतात आणि पलंगाखाली लपतात. आधी हसरा चेहरा, मग त्याच चेहऱ्यावर चढवलेला मुखवटा, असं ओळीनं दाखवणारं पुस्तक मोलाचं.

रक्तबंबाळ चित्रं नकोत. पण ‘सगळे लगेच बरे होतात’ हे खोटं आश्वासनही नको. डॉक्टर शक्य ते सगळं करतात, इतकं म्हणणं पुरेसं आणि खरं असतं.

परदेशी पुस्तकं वाचताना क्रमांक तपासा. कार्टून पाहून आपली मुलं ९११ पाठ करतात, तो अमेरिकेचा क्रमांक आहे. उलट अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांना गोष्ट मराठीतून सांगावी, पण क्रमांक तिथलाच शिकवावा: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९.

पुस्तकं विकत घेणं जमत नसेल, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत वाचता येतात.

वाचताना काय करावं?

मध्येच थांबून ‘आता तू काय करशील?’ असं विचारा, उत्तराची घाई करू नका. मग खेळ करा. बाहुली पडली, मूल फोन लावतंय, तुम्ही पलीकडून ‘बाळा, कुठून बोलतोयस?’ विचारताय. फोन बंद ठेवून किंवा खेळण्यातला घेऊनच हा सराव करावा. फोनला कुलूप असतानाही पडद्यावर आपत्कालीन कॉलचा पर्याय असतो, तो बोटानं दाखवून ठेवा. अनेक रुग्णवाहिकांच्या पुढच्या बाजूला इंग्रजी अक्षरं उलटी लिहिलेली असतात. घरी कागदावर तशीच उलटी लिहून आरशात वाचायला लावलं, की पुढच्या चालकाला ती आरशात सरळ दिसतात हे मुलं स्वतःच शोधून काढतात.

घरीच करा सहा पानांचं पुस्तक

मनाजोगतं पुस्तक मिळालं नाही तर स्वतः करावं. नमुना असा:

१. आजी आणि चिमी घरी दोघीच आहेत.
२. आजी न्हाणीघरात घसरते. तिला उठता येत नाही.
३. चिमी तिला ओढत नाही. फोन घेऊन १०८ लावते.
४. ‘ताई, माझी आजी पडली. आम्ही देवळामागे राहतो.’
५. चिमी शेजारच्या काकूंना हाक मारते. सायरन ऐकू येतो.
६. डॉक्टर आजीची नाडी बघतात. चिमी आजीचा चष्मा सांभाळते.

चित्रं मुलानं काढावीत आणि पत्ता खरा, आपल्या घराचा लिहावा.

पुस्तकानंतर

जवळच्या अग्निशमन केंद्रात विनंती केली, तर मुलांना बंब दाखवला जाऊ शकतो. त्यासाठी १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सप्ताह चांगला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. आठ वर्षांपुढच्या मुलांना ही हकिगत सांगायला हरकत नाही.

पालकांनी आजच दोन गोष्टी कराव्यात. १०८, १०१, १०९८ आणि ११२ हे आकडे ठळक लिहून मुलाच्या नजरेच्या उंचीवर भिंतीला लावावेत. आणि जेवू घालताना पोलीस-डॉक्टरांचा धाक दाखवणं कायमचं थांबवावं.