मिरची येण्याआधीचे उत्तर कोकणातले जेवण

शिलाहारांच्या राजवटीत, म्हणजे साधारण नवव्या ते तेराव्या शतकात, भिवंडी-कल्याण परिसरात सपाट खाचरांत भात पिके आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी. भिवंडीजवळच्या लोनाड भागात शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१चा शिलालेख सापडला आहे. शिवपूजेसाठी दिलेल्या गावाची त्यात नोंद आहे. अशा दानातून गावच्या पिकाचा वाटा देवळाकडे जाई. डोंगरातल्या कुटुंबाला आधार भाताहून नाचणीच्या भाकरीचा आणि आंबिलीचा अधिक.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेत. जोडीला कुळीथ, उडीद, मूग. तेल तिळाचे, गोडीला गूळ. खाडीतून मासळी आणि मीठ दोन्ही मिळे. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नसत, तेव्हा सुकवलेली मासळी कामी येई. आंबटपणासाठी चिंच आणि कोकम. तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांचा.

जंगलाचा वाटा मोठा होता, आणि इतिहास लिहिताना तोच सर्वांत कमी मोजला जातो. कंद, कर्टोली, बांबूचे कोंब, मोहाची फुले, खेकडे यांवर गरिबांचे टंचाईचे महिने निघत. शेतातला उंदीर आज कातकऱ्यांचे अन्न म्हणून हिणवला जातो. पण चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या भोजनातही तो आहे. त्याच ग्रंथात मांडे, पुऱ्या, वडे आणि इडलीसारखा उडदाचा पदार्थही सापडतो.

फळांचे कौतुक परदेशी माणसानेही केले. १३२१ मध्ये ठाण्याला आलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉर्डेनस याने नारळ, ताडी, आंबा आणि फणसाचे वर्णन लिहून ठेवले. एक फणस पाच जणांना पुरतो, असे तो सांगतो. जेवणानंतरचा विडाही तेव्हा रूढ होता. दहाव्या शतकात चौलला आलेला अरब प्रवासी अल-मसूदी त्याची नोंद करतो.

या जेवणात मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई यांपैकी काहीच नव्हते. ही सारी अमेरिकेतली पिके. १४९८ मध्ये पोर्तुगीज भारतात आले, १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली, आणि त्यांच्या जहाजांमागून ही पिके हळूहळू कोकणात रुजली. मिरी मलबारातून विकत आणावी लागे. मिरची परसात लावता आली. म्हणूनच नव्या पिकांपैकी गरिबाच्या जेवणाची चव सर्वांत जास्त मिरचीने बदलली.