स्नेहसंमेलनाची डीव्हीडी बर्न करण्याआधी फाइल तपासून घ्या



स्नेहसंमेलन संपलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, सीडी कधी मिळणार?" हातात डीव्हीडी देतो, पण आमच्या लालबाग-परळकडे तिला अजून सीडीच म्हणतात. मागे शाळेच्या एका जुन्या संमेलनाची व्हिडिओ कॅसेट मी डीव्हीडीवर करून घ्यायचं ठरवलं. तिच्यात आमच्या एका बाईंचं भाषण होतं. त्या बाई आता हयात नाहीत. दुकानदाराने डिस्क इमेज फाइल तयार करून दिली. मी ती पेन ड्राइव्हवर घेतली, घाईत ड्राइव्ह तसाच खेचून काढला आणि घरी येऊन बारा डिस्क बर्न केल्या. बाराही पोवाड्यापर्यंत छान चालल्या, पुढे चित्र गोठलं. भाषण नेमकं पोवाड्यानंतर होतं! कॅसेटला बुरशी धरलेली, ती परत चालेल याची खात्री नव्हती. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर मूळ फाइल होती म्हणून निभावलं.

सिनेमाची प्रत हरवणं ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी दादरला चित्रित केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. आज त्याचा काही भागच शिल्लक आहे. त्या काळी प्रत काढणं खर्चाचं काम होतं. आपल्याला फक्त दहा मिनिटं द्यायची आहेत.

आधी डिस्क इमेज म्हणजे काय ते पाहू. अख्खी डीव्हीडी, तिच्या मेनूसकट आणि फोल्डरसकट, एकाच फाइलमध्ये बांधलेली असते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'आयएसओ' असतं. (बाजारातून आणलेल्या चित्रपटांच्या कॉप्या काढणं हा कायद्याचा वेगळा विषय आहे. इथे आपण स्वतः केलेल्या चित्रणाबद्दल बोलतोय.)

पहिली तपासणी आकाराची. डिस्कच्या डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण विंडोजमध्ये ती ४.३८ जीबीच भरते, कारण कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. फाइल त्याहून मोठी असेल तर साध्या डिस्कवर मावणार नाही, ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क घ्यावी लागेल. आणखी एक अडचण: फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामा असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आतलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवून.

आकार जुळला म्हणजे झालं, असं मात्र नाही. माझी चूक इथेच झाली. कॉपी करताना कॉम्प्युटर फाइलसाठी जागा आधीच धरून ठेवतो, त्यामुळे ड्राइव्ह मध्येच काढला तर आकार पूर्ण दिसू शकतो आणि आतला काही भाग कोराच असतो. राणीच्या बागेच्या सहलीचंच बघा ना. नेताना ३५ मुलं, परतताना मोजली तर ३५. पण त्यातलं एक दुसऱ्या शाळेचं निघालं तर? म्हणून आपण नुसती डोकी मोजत नाही, नाव घेऊन हजेरी घेतो.

फाइलची अशी हजेरी म्हणजे 'हॅश'. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून हिशोब करून काढलेली ती खूण असते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अंक-अक्षरांची असते. फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी खूण पार वेगळी येते. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी एसएचए' मधून ती काढता येते. मूळ कॉम्प्युटरवर एकदा काढा, कॉपीवर एकदा काढा, दोन्ही जुळवा. कॉपीची काढण्याआधी पेन ड्राइव्ह रीतसर 'इजेक्ट' करून पुन्हा लावा. नाहीतर कॉम्प्युटर स्वतःच्या मेमरीतलंच वाचून "सगळं ठीक" म्हणू शकतो.

हॅश जुळला म्हणजे कॉपी मुळाबरहुकूम आहे, एवढंच कळतं. मुळातच चित्र बिघडलेलं असेल तर बिघाडही हुबेहूब उतरतो! म्हणून फाइल बघायलाच हवी. विंडोज १० मध्ये तिच्यावर डबल क्लिक केलं की नवी डिस्क घातल्यासारखी उघडते आणि आत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं. फाइलींची यादी पूर्ण दिसली तरी समाधान मानू नका. यादी सुरुवातीला असते, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी. शेवटची पानं फाटली तरी अनुक्रमणिका शाबूत राहते. व्हीएलसी प्लेअरमध्ये सुरुवात, मध्य आणि विशेष करून शेवटची पाच मिनिटं बघा.

मग बर्न करताना 'बर्न डिस्क इमेज' हाच पर्याय घ्या. फाइल नुसती डिस्कवर कॉपी केली तर टीव्हीखालच्या प्लेअरला ती ओळखता येत नाही. बर्न झाल्यावर डिस्क पडताळण्याची खूणही करून ठेवा, वेळ थोडा जास्त लागतो.

आधी एकच डिस्क काढा आणि ती घरच्या साध्या प्लेअरवर लावून बघा. माझ्याकडे हे काम सासूबाई करतात. त्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं, की मी उरलेल्या अकरा डिस्क काढायला घेते.