घनतेची साक्ष



दसऱ्यास किंवा अक्षय्यतृतीयेस आपण सोनें घेतों. रंग आणि वजन पाहून मन निश्चिंत होतें. परंतु मुलामा दिलेलें तांबेंही पिवळें दिसतें, आणि वजन तर कोणत्याही धातूचें भरतें. याहून अधिक विश्वासू साक्षी म्हणजे घनता.

वस्तुमानास आकारमानानें भागिलें म्हणजे घनता मिळते. एक घन सेंटिमीटर पाण्याचें वस्तुमान एक ग्रॅम असतें. तेवढ्याच तांब्याचें सुमारें ८.९६, चांदीचें १०.५ आणि शुद्ध सोन्याचें १९.३ ग्रॅम भरतें. बावीस कॅरेटच्या सोन्यांत इतर धातु असल्यामुळें त्याची घनता १७ ते १८ च्या दरम्यान येते.

वस्तुमान कांट्यावर कळतें. आकारमान कसें काढावें? हाच प्रश्न ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सिराक्यूजच्या आर्किमिडीजपुढें राजमुकुटाच्या निमित्तानें आला, असें रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस सांगतो. बुडालेली वस्तु आपल्या आकारमानाइतकें पाणी बाजूस सारते, हें त्याचें उत्तर.

घरीं असें करावें. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कांट्यावर पाण्याचा पेला ठेवून कांटा शून्यावर आणावा. वस्तु बारीक दोऱ्यानें पाण्यांत पूर्ण बुडेल अशी हातांनीं अधांतरीं धरावी. तिचा तळास वा कडांस स्पर्श होऊं देऊं नये. पाणी वस्तूस वर ढकलतें, तितक्याच जोरानें वस्तु पाण्यास खालीं दाबते. म्हणून कांटा बाजूस सारलेल्या पाण्याचें वजन दाखवितो. जितके ग्रॅम, तितके घन सेंटिमीटर.

समजा, ३८.६० ग्रॅमचें भरीव वळें आहे आणि कांटा २.०० दाखवितो. भागाकार १९.३ येतो. तोच कांटा ४.३१ दाखवील, तर घनता ८.९६, म्हणजे तें सोनें नव्हे. मात्र स्वयंपाकघरांतील कांटा पूर्ण ग्रॅमच दाखवीत असेल, तर त्याचे २ म्हणजे १.५ ते २.५ यांमधील कांहींही असूं शकेल, आणि उत्तर १५ पासून २६ पर्यंत हेलकावे खाईल. अशा उत्तरावर विसंबूं नये. पोकळ किंवा खडे जडविलेल्या दागिन्यासही ही रीत लावूं नये.

आणखी एक सावधगिरी. टंगस्टन धातूची घनताही सुमारें १९.३ च आहे. त्यावर सोन्याचा पत्रा चढविला तर हा साक्षी फसतो. तेव्हां घनता जुळली नाहीं तर वस्तु निःसंशय नाकारावी. जुळली तर हॉलमार्क पाहावा आणि शंका उरल्यास जाणकाराकडून कस लावून घ्यावा.