ऊन लागलं की नस फुटली?

मे महिन्यात चंद्रपूरजवळच्या मोहर्लीत कुणाचं डोकं दुखलं की निदान ठरलेलं: ऊन लागलं. चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीपार, माणूस पहाटेपासून तेंदूपत्ता तोडून आलेला; मग पन्हं, कांदा, सावली. बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण मेंदूतल्या धमनीचा फुगवटा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटतो तेव्हाही डोकं दुखतं आणि उलटी होते. फरक वेगाचा. उन्हाचं दुखणं चढत जातं. फुगवटा फुटल्याचं घणाचा घाव बसावा तसं एकदम शिगेला पोहोचतं. मान ताठते, कधी शुद्धही हरपते. (तोडून आणलेला तेंदूपत्ता बिडीत जातो, आणि धूम्रपान व वाढलेला रक्तदाब ही फुगवट्याची टाळता येणारी मोठी कारणं, हेही इथेच सांगून टाकतो.)

याच्या तपासण्या आणि उपाय शोधले गेले ते फार दूरच्या गावांत. लिस्बनला एगाश मोनीझ यांनी 1927 साली मेंदूच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या. बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी 1937 मध्ये कवटी उघडून फुगवट्याच्या मानेवर चांदीची क्लिप लावली. 1971 मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. 1990 पासून गुग्लिएल्मी यांच्या प्लॅटिनमच्या तारेने, कवटीला हात न लावता, जांघेतल्या धमनीतून आत शिरून फुगवटा भरता येऊ लागला. क्लिप आणि तार हे दोन्ही उपाय चालण्याजोग्या रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी 2002 साली प्रसिद्ध झाली: वर्षभरानंतर दगावलेले किंवा परावलंबी झालेले क्लिपच्या गटात सुमारे 31 टक्के, तारेच्या गटात 24.

मला मात्र या सगळ्यापेक्षा शेजारच्या गडचिरोलीतलं काम अधिक बोलकं वाटतं. ‘सर्च’ संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. 1,599 मृत्यूंपैकी 229 लकव्याचे, म्हणजे मेंदूतली नस तुंबून किंवा फुटून झालेले, निघाले. दुसऱ्या कुठल्याच कारणाने इतकी माणसं गेली नव्हती. त्यांतली 87 टक्के घरातच गेली. नस तुंबली होती की फुटली होती, हे स्कॅनशिवाय नेमकं सांगता येत नाही, आणि घरातल्या खाटेवर स्कॅन होत नाही.

त्याच सुमारास दवाखान्यापर्यंतचा रस्ता थोडा मोकळा होऊ लागला होता. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियाही तिच्यात बसत. 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका आली, 2015 मध्ये चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेज.

फुटलेला फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असतो. डोकं दुखू लागल्यापासून सहा तासांच्या आत सीटी झाला तर रक्तस्राव सहसा नजरेतून सुटत नाही. मोहर्लीहून चंद्रपूर तीसेक किलोमीटर, तिथून नागपूर दीडशेच्या आसपास. एवढं अंतर सहा तासांत बसतं. बसत नाही ती फक्त ‘झोपू द्या, सकाळी पाहू’ म्हणत घालवलेली रात्र.