अळवावरचं पाणी आणि गाडीवरचं सिरॅमिक कोटिंग



पृष्ठताण शिकवताना मी दरवर्षी वर्गात अळूचं पान घेऊन जाते. पानावर पाण्याचे थेंब टाकले की ते मोत्यांसारखे घरंगळतात आणि मुलं खूश होतात. गेल्या मे महिन्यात हाच धडा मला घरच्या अंगणात, गाडीच्या बोनेटवर पुन्हा शिकावा लागला. आणि खरं सांगते, पहिल्या प्रयत्नात मी चक्क नापास झाले!

गाडी माझ्या वडिलांची. गडद निळी, आठ वर्षांची. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे आली. ते रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसायचे. आठवीतल्या माझ्या मुलाने एकदा उन्हात बघून विचारलं, "आई, रंगावर ही कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघोटी कसली गं?" पाठोपाठ त्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. 'सिरॅमिक कोटिंग करा, ९एच कडकपणा, ओरखडे विसरा, धुणं विसरा.' दुकानात विचारलं, तर खर्च ऐकून घशाला कोरड पडली. मग ठरवलं, बाटली आणू आणि घरीच करू.

त्या उद्योगात जे शिकले ते आज सांगते. कारण घरी हे काम जमण्यासारखं आहे, पण त्यामागचं विज्ञान कळलं नाही तर पैसेही जातात आणि रंगही.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. गाडीची चकाकी त्याच्यामुळे असते आणि उन्हापासून रंगाचं रक्षणही तोच करतो.

जाळ्यासारखी रेघोटी पडते ती याच थरावर. कोरड्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. फडकं फिरलं की ते कण सॅंडपेपरचं काम करतात. हे समजल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे आजोबांनीच ओरखडे पाडले की काय?" काय उत्तर देणार? मी म्हटलं, "हो रे, पण प्रेमाने पाडले."

कोटिंगमध्ये असतं काय?

नाव सिरॅमिक असलं तरी इथे भट्टी नसते आणि कुंभाराची मातीही नसते. बाटलीतल्या द्रवात सिलिकॉनची संयुगं सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेली असतात. द्रव पत्र्यावर पसरला की सॉल्व्हंट उडून जातं आणि हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया होऊन ही संयुगं एकमेकांना जोडली जातात. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळ्यांची जाळी तयार होते आणि क्लिअर कोटला घट्ट धरून बसते. काच आणि वाळू यांचा कणाही सिलिकॉन-ऑक्सिजनचाच, म्हणून 'काचेचं कवच' हा शब्द जाहिरातीत येतो.

पण हे कवच असतं साधारण एखाद्या मायक्रॉनचं. मेण काही आठवड्यांत धुऊन जातं, तर हे कोटिंग नीट राखलं की बराच जास्त काळ टिकतं. हा त्याचा खरा फायदा. पाणी, चिखल, पक्ष्यांची विष्ठा सहज चिकटत नाही आणि गाडी धुवायला सोपी जाते.

९एच म्हणजे नक्की काय?

इथे विज्ञान शिक्षकांनी कान टवकारावेत. खनिजांच्या कडकपणाची मोह्स श्रेणी आपण शिकवतो. तिच्यात हिरा १० वर आणि क्वार्ट्‌झ ७ वर. साहजिकच मुलांना वाटतं, ९ म्हणजे हिऱ्याच्या जवळपास! पण हा ९एच मोह्सचा नाही, तो पेन्सिलचा आहे. आपल्या चित्रकलेच्या तासाच्या एचबी, २एच, ६बी याच कुटुंबातला. ठरावीक वजनाखाली, ४५ अंशांच्या कोनात पेन्सिल पृष्ठभागावर ढकलतात. ९एच पेन्सिलनेही ओरखडा उठला नाही, तर त्या थराला ९एच म्हणतात.

पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्राफाईट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीतली वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ. ती पेन्सिलपेक्षा कितीतरी कडक. त्यामुळे कोटिंग केलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारलं, तर ओरखडे पडणारच. किल्लीची रेघ, उडालेली खडी यांच्यापासूनही ते वाचवत नाही. त्यासाठी पीपीएफ नावाची जाड प्लास्टिक फिल्म असते, ती वेगळी गोष्ट.

माझी चूक

मे महिना, सकाळचे साडेदहा, गाडी अंगणात. बोनेटवर हात टेकवत नव्हता. बाटलीवर 'लावा, दोन मिनिटं थांबा, पुसा' असं लिहिलेलं. मी अर्ध्या बोनेटला एकदम लावलं आणि घड्याळ लावून थांबले. पुसायला गेले तर फडकं अडकायला लागलं! तापलेल्या पत्र्यावर सॉल्व्हंट केव्हाच उडून गेलं होतं आणि द्रव जागच्या जागी घट्ट झाला होता. बोनेटवर तेलकट, गडद पट्टे उमटले. यांना 'हाय स्पॉट' म्हणतात. साबण आणि पाणी, कशानेही ते हलेनात.

शेवटी माझा एक माजी विद्यार्थी आठवला, तो गाड्यांच्या पॉलिशचं काम करतो. त्याने येऊन बोनेटवर हात ठेवला आणि हसला. "मॅडम, अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे तुम्हीच शिकवलं होतं ना?" मी काय बोलणार!

ते पट्टे पॉलिश करूनच काढावे लागले. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट अगदी थोडा घासून काढणं. प्रत्येक वेळी तो थर कमी होतो आणि पुन्हा भरून येत नाही. मी त्याला म्हटलं, आता मशीन लावलंच आहे तर सगळी रेघोटी काढून टाक. तो म्हणाला, "वरवरची जाईल. खोल आहेत त्या राहू द्या मॅडम. त्या काढायच्या म्हणजे थर फार जाईल." बोनेटवर बाबांच्या फडक्याच्या दोन-चार खुणा अजून आहेत. असू देत.

कोटिंग आम्ही पुन्हा केलं, ते दिवाळीच्या सुट्टीत.

घरी करायची योग्य पद्धत

साहित्य: ३० ते ५० मिलिची कोटिंगची बाटली (एका छोट्या गाडीला पुरते), दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, लोहकण काढणारा स्प्रे, क्ले, पुसणीचं द्रावण, मायक्रोफायबरची आठ-दहा फडकी, हातमोजे, मास्क आणि टॉर्च.

१. दिवस निवडा. सावली हवी, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. हवा साधारण १५ ते २५ अंश असेल तर उत्तम. आपल्याकडे दिवाळीनंतरचे दिवस चांगले. पावसाळा टाळा. हवेत बाष्प फार असलं तरी कोटिंग लवकर घट्ट होतं, हे कोकणातल्या मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावं.

२. धुणं. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं आणि मगच शॅम्पूत बुडवायचं, म्हणजे वाळू परत गाडीवर जात नाही. वरून खाली धुवा. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने.

३. चिकटलेली घाण काढणं. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुतून बसतात. लोहकणांचा स्प्रे मारला की ते जांभळे होऊन ओघळतात. वास मात्र उग्र, नाक धरायला लावणारा! मग स्प्रे धुऊन टाका आणि पत्रा भरपूर ओला ठेवून क्ले हलक्या हाताने फिरवा. क्ले जमिनीवर पडली तर ती टाकून द्या, वाचवायला जाऊ नका.

४. पॉलिश, गरज असेल तरच. कोटिंग पारदर्शक असतं, ते ओरखडे झाकत नाही. खाली जे आहे ते तसंच दिसत राहतं. हाताला सवय नसेल तर मशीन स्वतः चालवू नका, जाणकाराकडून करून घ्या. अपघातानंतर नुकताच रंग दिलेला भाग असेल, तर किती आठवडे थांबायचं ते रंगाऱ्याला विचारा.

५. तेलकटपणा काढणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी घातलेलं द्रावण किंवा तयार पॅनल वाइप वापरून प्रत्येक भाग पुसा. पॉलिशचं तेल राहिलं तर कोटिंग रंगाला नाही, तेलाला धरेल आणि लवकर सुटेल.

६. लावणं. हातमोजे आणि मास्क घाला. जागा हवेशीर हवी, जवळ गॅस, उदबत्ती, बिडी काही नको, कारण सॉल्व्हंट ज्वलनशील असतं. लहान मुलांना लांब ठेवा. आधी कोपऱ्यातल्या छोट्या जागेवर करून बघा. मग एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच चौकोन घ्या. फडक्यावर काही थेंब टाकून आधी आडवं, मग उभं, पातळ पसरवा. जास्त लावलं म्हणजे जास्त टिकतं असं नाही.

७. पुसणं. घड्याळाकडे नको, पृष्ठभागाकडे बघा. पाण्यावर तेल सांडल्यावर दिसतात तसे इंद्रधनुषी रंग उमटले किंवा थर घामेजल्यासारखा दिसला, की पुसायची वेळ झाली. थंडीत दोन-तीन मिनिटं लागतील, उकाड्यात अर्धं मिनिटही पुरेल. एका फडक्याने जास्तीचं काढा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने चकाकी आणा.

८. तपासणं. प्रत्येक भाग झाला की टॉर्च तिरकी धरून बघा. पट्टा दिसला तर लगेच त्यावर ताज्या कोटिंगचा थेंब फिरवून पुसा. थोड्या वेळात केलं तर तो निघतो. उद्यावर टाकलं तर माझ्यासारखं पॉलिश करावं लागतं.

९. थांबणं. निदान २४ तास पाणी, दव, पाऊस लागू देऊ नका आणि आठवडाभर शॅम्पूने धुऊ नका. वापरलेली फडकी टाकून द्या. त्यात सुकलेले कण कडक होतात, पुढे तेच ओरखडे पाडतात. उघडलेली बाटलीही फार टिकत नाही, हवेतलं बाष्प तिच्यात शिरतंच.

नंतरची काळजी

'धुणं विसरा' हे खोटं. आमच्या बोअरचं पाणी दुष्फेन आहे. कोटिंगवर थेंब गोल उभे राहतात आणि उन्हात जागीच सुकले की कॅल्शियमचे पांढरे ठिपके सोडतात. त्यामुळे धुतल्यावर लगेच मऊ फडक्याने टिपून घ्यायचं. पक्ष्यांची विष्ठा दिसली की ओल्या फडक्याने लगेच काढायची, तिच्यातलं आम्ल कोटिंगलाही सोडत नाही. आणि कोरडं फडकं? आमच्या घरातून ते हद्दपार झालंय!

वर्गात करून बघा

अळूचं पान, काचपट्टी आणि मेण चोळलेली काचपट्टी घ्या. प्रत्येकावर ड्रॉपरने एकेक थेंब ठेवून मोबाईलने अगदी समोरून, पृष्ठभागाच्या पातळीवरून फोटो काढा. फोटोत थेंबाची कड पृष्ठभागाला जिथे टेकते तिथे स्पर्शरेषा काढून थेंबाच्या आतल्या बाजूचा कोन कोनमापकाने मोजा. हा स्पर्शकोन. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो, कोन लहान येतो. मेणावर तो ९० अंशांच्या वर जातो, चांगल्या सिरॅमिक कोटिंगवरही साधारण १०० ते ११० येतो. अळू आणि कमळाच्या पानावर मात्र तो १५० च्याही पुढे जाऊ शकतो.

असं का? त्या पानांवर मेण तर असतंच, शिवाय डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोकांवर तरंगत राहतो, खाली हवा अडकते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी कमळाच्या पानाचा हा स्वच्छ राहण्याचा गुण उलगडून दाखवला. १९९७ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. गाडीचं कोटिंग गुळगुळीत असतं, त्यावर ते उंचवटे नसतात. म्हणून अळूसारखी आपोआप सफाई त्याच्याकडून होत नाही.

मुलाने तिन्ही कोन वहीत लिहून घेतले आणि खाली एक ओळ लिहिली: 'जाहिरातीत आकडा आला की विचारायचं, कुठल्या मापाचा?' मला वाटतं, या सगळ्या खटाटोपातून ही एक ओळ हाती लागली तरी भरून पावले. आपल्या मुलांसमोर रोज असे आकडे येतात. क्रीमवर, पाण्याच्या फिल्टरवर, शिकवणीच्या फलकावर. प्रत्येक वेळी ती हाच प्रश्न विचारोत, म्हणजे आपण शिकवलेलं विज्ञान अळवावरचं पाणी ठरणार नाही.