वेलांटी कुठे गेली?

‘तुला फोटोशॉप येतं ना?’ या प्रश्नाला एकदा ‘हो’ म्हटलं की मग सुटका नाही. तेव्हा निदान लेअर, मास्क आणि अक्षरांच्या इफेक्ट्सशी नीट दोस्ती तरी करून घ्या!

प्रत्येक ऑफिसात एक ‘फोटोशॉपवाला’ असतो. त्याचं खरं काम वेगळंच असतं. सेल्स, एचआर, टेस्टिंग, काहीही. पण कधीतरी कुणाच्या तरी बर्थडेला त्याने बॉसचं डोकं एखाद्या हिरोच्या धडावर चिकटवलेलं असतं. झालं! त्या दिवसापासून लोक त्याच्या टेबलाशी येऊन म्हणतात, “अरे, पाचच मिनिटांचं काम आहे...”

आमच्या ऑफिसातला तो बकरा म्हणजे मी.

अकाउंट्समधले काका रिटायर होणार होते. एकतीस वर्षांची नोकरी. समारंभ शुक्रवारी, आणि बॅनरची आठवण लोकांना झाली गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला. आठ बाय चार फुटांचं फ्लेक्स, वर ‘निरोप समारंभ’, मध्ये काकांचा फोटो आणि नाव, खाली ‘हार्दिक शुभेच्छा’. माझ्या मशीनवर फोटोशॉपचं फार जुनं व्हर्जन होतं. पण उत्साह दांडगा! अक्षरांना सोनेरी रंग दिला, उठाव दिला, सावली दिली, वर थोडा ग्लो. मग सगळे लेअर एक करून टाकले, जेपीजी काढली, फाइल बंद करताना ‘सेव्ह करू का?’ या प्रश्नाला ‘नो’ म्हटलं आणि पेन ड्राइव्ह पाठवून दिला.

सव्वानऊला फ्लेक्सवाल्याचा फोन. “साहेब, वेलांटी चुकलीय. बदलून पाठवता का? साडेनऊला मशीन बंद होईल.”

फाइल उघडून पाहिली. ‘निरोप’मधली पहिली वेलांटी ‘न’ला सोडून ‘र’च्या गळ्यात पडली होती. ‘शुभेच्छा’मधला ‘च’ पाय मोडून बसला होता. आणि हेच काकांच्या नावाचंही झालं होतं. दुरुस्त काय करणार? अक्षरं, सावली, फोटो, मागचा निळा रंग, सगळं मिळून आता एकच चित्र होतं. अक्षराला हात लावला तर मागचा रंग खरवडला जाणार. मी म्हणालो, “छापा. कोण बघतंय?”

काकांनी बघितलं. दारातून आत आले, मान वर करून पूर्ण वाचलं, हसले आणि खुर्चीत बसले. काही बोलले नाहीत. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत त्यांच्या डोक्यावर त्यांचं मोडकं नाव आहे.

एकच अन्डू!

आपली चूक झाली की दुसऱ्याची कुंडली काढावीशी वाटते. मीही फोटोशॉपची काढली. १९८७ मध्ये थॉमस नोल नावाचा मिशिगन विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी मॅकच्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर करड्या छटा दाखवणारा प्रोग्राम लिहीत होता. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्समधला, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत. दोघांनी मिळून तो प्रोग्राम वाढवला. लोकांना डेमो देताना जॉन जो फोटो वापरायचा तो त्याच्या भावी बायकोचा होता. बोरा बोराच्या किनाऱ्यावर पाठमोरी बसलेली जेनिफर. म्हणजे जगातल्या पहिल्यावहिल्या ‘फोटोशॉप केलेल्या’ फोटोंपैकी एक घरच्याच माणसाचा! फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने फोटोशॉप १.० बाजारात आणलं.

पण बॉस, त्यात लेअर नव्हते! ते आले १९९४ मध्ये, ३.० बरोबर. आणि एकदा टाइप केलेली अक्षरं नंतर बदलता येणं, सावली-उठाव असे तयार इफेक्ट, एकापेक्षा जास्त पावलं मागे जाण्याची सोय, हे सगळं १९९८ च्या ५.० मध्ये आलं. त्याआधी अन्डू एकच. स्पेलिंग चुकलं की अक्षरं पुन्हा टाकायची. सावली हवी तर अक्षरांची काळी कॉपी करा, ती धूसर करा, थोडी सरकवा आणि मूळ अक्षरांच्या मागे ढकला. ती माणसं एवढं सगळं हाताने करत होती, आणि मी आयती सोय असताना फाइल सपाट करून मोकळा झालो होतो!

आकाशकंदिलाचा कागद

लेअर म्हणजे काय, हे समजायला आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद आठवा. लाल कागद पिवळ्यावर ठेवला की दोन्हींचा मिळून रंग दिसतो, पण दोन्ही कागद शाबूत असतात. वरचा काढला की खालचा पिवळा होता तसाच. (लेअर एकमेकांत असे मिसळायचे असतील तर ‘मल्टिप्लाय’ नावाचा मोड आहे. तो हुबेहूब हेच करतो.) प्रत्येक लेअरशेजारी डोळ्याचं चित्र असतं. ते क्लिक केलं की लेअर दिसेनासा होतो, पण जात नाही.

म्हणून मागचा रंग एका लेअरवर, फोटो दुसऱ्यावर, मजकुराची प्रत्येक ओळ वेगळ्या लेअरवर ठेवायची. लेअरना नावंही द्या. ‘लेअर १७ कॉपी २’ म्हणजे काय हे उद्या तुम्हालाच आठवणार नाही. प्रिंटरला जेपीजी किंवा पीडीएफ द्या, पण लेअरवाली पीएसडी फाइल आपल्याजवळ ठेवा. माझ्याकडे ती असती तर बिघडलेल्या ओळींचे डोळे बंद करून कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून बरोबर अक्षरं आणून बसवता आली असती. पंधरा मिनिटांचं काम.

काळं झाकतं, पांढरं दाखवतं

बहुतेक जण लेअरपर्यंत येतात आणि मास्कपाशी घाबरतात. फंडा मात्र सिंपल आहे. फोटोतली मागची भिंत नको असेल तर आपण इरेझर उचलतो. इरेझरने गेलेला कान परत येत नाही. मास्क म्हणजे त्या लेअरपुढे लावलेला पडदा. मास्कवर काळ्या ब्रशने रंगवलं की लेअरचा तेवढा भाग झाकला जातो, पांढऱ्याने रंगवलं की पुन्हा दिसतो. करड्या रंगाने अर्धवट दिसतो, आणि नेहमीच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. केसांच्या कडा, साडीचा झिरझिरीत पदर, चष्म्याची काच, अशा ठिकाणी हा करडाच कामाला येतो. ब्रश मऊ कडेचा घ्या, त्याचा जोर कमी ठेवा आणि एक्स बटणाने काळा-पांढरा आलटून पालटून वापरा. शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक केलं तर मास्क तात्पुरता बंद होतो आणि आपण काय काय झाकलंय ते कळतं.

आणि हो, नवशिक्यांचा हमखास घोळ! मास्क सोडून चुकून फोटोचंच छोटं चित्र निवडलेलं असतं आणि आपण कुणाच्या तरी गालावर काळं फासत बसतो. रंगवण्याआधी चौकट कुणाभोवती आहे ते बघा.

अक्षरांचे लाड

आता माझ्या वेलांटीकडे. मराठीत ‘नि’ टाइप करताना ‘न’ आधी आणि वेलांटी नंतर येते, पण दिसताना वेलांटी आधी दिसते. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी सॉफ्टवेअरने करायची असते. जुन्या व्हर्जनना ते जमत नव्हतं. म्हणून आपले डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपी, आयएसएम असली पॅकेजेस वापरत आले. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. तो मजकूर फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की एबीसीडीची भेळ! आजच्या फोटोशॉपला युनिकोड मराठी समजतं. तरीही वेलांटी उडी मारत असेल तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ किंवा ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय शोधा. व्हर्जनप्रमाणे नाव बदलतं. तो निवडून नवी फाइल उघडा. फॉन्टसाठी खिसा हलका करायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट फुकट मिळतात.

इफेक्ट देताना मराठीचा स्वभाव सांभाळावा लागतो. इंग्रजी शीर्षकात अक्षरं लांब लांब ठेवली की स्टायलिश दिसतात, पण तोच प्रकार ‘शुभविवाह’ला केला तर शिरोरेषा तुटते आणि दात पडल्यासारखं दिसतं. बॉर्डर नेहमी अक्षराच्या बाहेरून द्या. आतून दिली की बारीक अनुस्वार आणि उकार गिळले जातात. बाहेरूनही जाड केली की ‘क्ष’ आणि ‘श्र’ची पोटं बुजतात. एका लेअरची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडली तर बॅनरवर दोन सूर्य उगवतात. त्यासाठी ‘यूज ग्लोबल लाइट’वर टिक करा, म्हणजे सगळ्या सावल्या एका दिशेला जातात. अक्षरांच्या आत फोटो भरायचा असेल, म्हणजे ‘मुंबई’च्या पोटात मरीन ड्राइव्हची संध्याकाळ, तर फोटोचा लेअर अक्षरांच्या वर ठेवा आणि आल्ट दाबून दोघांच्या मधल्या रेघेवर क्लिक करा. याला क्लिपिंग मास्क म्हणतात. फॉन्ट मात्र चांगला गुटगुटीत हवा.

सोनेरी रंग, उठाव, ग्लो आणि सावली एकाच ओळीला? मीही केलं होतं, तेव्हा बोलण्याचा हक्क आहे मला. नको! मराठी नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडगे यांची अक्षरं आठवून बघा. नाटकाचा मूड अक्षराच्या वळणातच असायचा.

तीळ

निरोपानंतर तीनेक आठवड्यांनी काका ऑफिसात आले. हातात तपकिरी पाकीट. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, “तुझं काम आहे जरा.” मला वाटलं, आता बॅनरचा विषय निघणार.

पाकिटात काकूंचा फोटो होता. पोस्टकार्डाएवढा, ब्लॅक अँड व्हाइट, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. काकू जाऊन चार वर्षं झालेली. फोटोवर कपाळापासून खांद्यापर्यंत घडीची चीर आणि बुरशीचे ठिपके. निगेटिव्ह नाही, दुसरी कॉपी नाही. “मोठा करून फ्रेम करायचाय.”

या वेळी मी नीट वागलो. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला आणि तो लेअर कुलूपबंद केला. त्याच्यावर एक रिकामा लेअर घेतला, क्लोन स्टॅम्पला ‘ऑल लेअर्स’ सांगितलं आणि चीर, ठिपके सगळं या वरच्या लेअरवर बुजवलं. म्हणजे खालच्या मूळ फोटोला धक्का नाही. चेहरा उजळायला कर्व्ह्‌जचा वेगळा लेअर घेतला. त्याच्या मास्कवर साडी आणि भिंत काळी करून टाकली, म्हणजे उजेड फक्त चेहऱ्यावर. दोन रात्री गेल्या. पाच मिनिटं म्हणे!

एक प्रिंट काढून काकांना दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “छान झालाय,” म्हणाले. मग बराच वेळ बघत राहिले. “ओठाच्या वर तीळ होता रे तिला. इथे, डावीकडे.”

मी तो बुरशीचा ठिपका समजून पुसला होता.

फाइल उघडली. दुरुस्तीच्या लेअरला मास्क लावला, ब्रश बारीक केला, काळा रंग घेतला आणि ओठाच्या वर तीन-चारदा टेकवला. माझी दुरुस्ती तेवढ्यापुरती झाकली गेली आणि खालच्या फोटोतला तीळ वर आला. काका माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

हल्ली हे सगळं एआय करतं, असं तुम्ही म्हणाल. खरंय. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आलं. जागा निवडा, हवं ते लिहा, चित्र हजर. गंमत म्हणजे तेही आपलं काम वेगळ्या लेअरवर, मास्क लावूनच ठेवतं. मीही वापरतो, भिंत वाढवायला, आभाळ भरायला. पण चेहऱ्यावर नको. जिथे माहिती नसते तिथे ते अंदाजाने चेहरा रंगवतं, आणि तो अंदाज कुणाच्याही बायकोचा असू शकतो. फोटोशॉपचे पैसे परवडत नसतील तर जिंप फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपीआ आहे. लेअर आणि मास्क दोन्हीकडे आहेत, आणि पीएसडी फाइल दोन्हीत उघडते.

फ्रेम लागल्यावर आठवड्याने काकांचा फोन आला. त्यांच्या मुलीला तसाच आणखी एक फोटो हवा होता, आणि खाली काकूंचं नाव.

“टाकतो काका. लेअर आहेत सगळे.”

“ते तुझं तू बघ. पण तिच्या नावात पहिली वेलांटी आहे.” मग थांबून म्हणाले, “वाचून घे हं एकदा.”